काउंटरवरचा राग आणि सात मिनिटांचा सराव

प्रश्न : जिल्ह्याच्या ठिकाणी आमचं १२० खाटांचं खासगी रुग्णालय आहे. मी मनुष्यबळ विभाग सांभाळते. बिलिंग, चौकशी, कॅशलेस डेस्क, वॉर्डातल्या सिस्टर आणि सिक्युरिटी मिळून तीसेक माणसं थेट नातेवाइकांसमोर असतात आणि रोज कुठे ना कुठे वाजतंच. गेल्या वर्षी हॉटेलात एक दिवसाचं शिबिर घेतलं. वक्ते छान बोलले, खेळ झाले, प्रमाणपत्रं वाटली. आठवड्याभरात सगळं पहिल्यासारखं. आता एक कंपनी व्हीआर हेडसेटवरचं (डोळ्यांवर चढवून आभासी प्रसंग दाखवणाऱ्या यंत्रावरचं) भावनिक बुद्धिमत्तेचं प्रशिक्षण विकायला आली आहे आणि आमचे संचालक त्याला अनुकूल आहेत. घ्यावं का? नाही घेतलं तर सिम्युलेशन, म्हणजे खऱ्यासारखा प्रसंग उभा करून केलेला सराव, आपल्या आपण करता येतं का? आमच्या एक ज्येष्ठ इनचार्ज सिस्टर तर आताच म्हणतात, ‘नाटकं करायला मी इथे आले नाही.’ त्यांचं काय करू?

उत्तर : हेडसेट यंदा घेऊ नका. सिम्युलेशन आपल्या आपण करता येतं आणि त्यासाठी लागणारी माणसं तुमच्या गावात बहुधा आहेतच. मात्र सुरू करण्याआधी संचालकांकडून एक गोष्ट कबूल करून घ्या. सरावातून रुग्णालयाच्या कारभारातले जे दोष बाहेर येतील, त्यांतला निदान एक दर महिन्याला दुरुस्त झाला पाहिजे. हे मान्य नसेल तर तुम्ही कर्मचाऱ्यांना गोड बोलून वेळ मारून न्यायला शिकवणार आहात, आणि ते त्यांना पहिल्याच सत्रात कळेल.

आता शिबिराचं. जॉन मेयर आणि पीटर सॅलोव्ही या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली आणि १९९७ मध्ये तिची चार अंगं नेमकी केली: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती कशातून आली आणि कुठे वळेल हे समजणं, आणि स्वतःची व समोरच्याची भावना सांभाळणं. १९९५ मध्ये डॅनियल गोलमन यांनी हा विषय लोकप्रिय केला, त्यानंतर त्याला यश, पगार, नेतृत्व असं बरंच काही चिकटलं. ते बाजूला ठेवा. तुमच्या काउंटरपुरता अर्थ एवढाच की समोरच्याचा आवाज चढला, आपली मान ताठली, आणि त्या पाच-सात सेकंदांत तोंडातून काय बाहेर पडतं. ही पाच-सात सेकंदं भाषण ऐकून बदलत नाहीत, कारण भाषण ऐकताना कुणाचीच मान ताठलेली नसते. ताणाखाली जे करायचं ते थोड्या ताणाखालीच घोकावं लागतं. लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञानं १९६३ मध्ये धडधाकट माणसाला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं ते याच कारणानं. आपल्याकडेही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे. डॉक्टरांना जे आता शिकवलं जातं, ते बिलिंगच्या खिडकीत बसणाऱ्या मुलीला कुणीच शिकवत नाही. आणि डॉक्टरांवरचा राग निघतो मात्र तिच्यावर.

कामाला सुरुवात नोंदींपासून करा. दोन आठवडे प्रत्येक ठिकाणी एक साधी वही ठेवा. खटका उडाला की चारच गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा, नातेवाइकाचं पहिलं वाक्य जसंच्या तसं, आणि तो त्याआधी किती वेळ थांबला होता. कर्मचाऱ्याचं किंवा रुग्णाचं नाव लिहायचं नाही. पहिल्या वाक्यावर आग्रह धरा, कारण तेच पुढे सरावाच्या प्रसंगाच्या संहितेत वापरायचं आहे. बाजारात विकत मिळणाऱ्या प्रसंगांत ‘माझी सेवा निकृष्ट आहे, मला व्यवस्थापकांना भेटायचंय’ असलं भाषांतरित बोलणारी माणसं असतात. तुमच्या खिडकीवर माणूस म्हणतो, ‘सकाळपासून नुसतं बसवून ठेवलंय, पैसे घेताना बरं लगेच घेतले.’

वहीतून तीन-चार प्रसंग निवडा. बहुतेक रुग्णालयांत निघतात ते हे: सुट्टी सांगूनही रुग्ण घरी जात नाही तो दुपारचा प्रसंग, रात्री डिपॉझिट मागण्याचा, एका पासवर गावाहून आलेल्या सात माणसांना आयसीयूबाहेर थोपवण्याचा, आणि वॉर्ड व बिलिंग यांच्यातला इंटरकॉमवरचा, ज्यात नातेवाईक नसतोच. हा शेवटचा वगळू नका. सिस्टर म्हणतात फाइल पाठवली, बिलिंग म्हणतं मिळाली नाही, आणि त्या संभाषणाचा उरलेला ताव पुढच्या नातेवाइकावर निघतो. मृत्यूची बातमी सांगण्याचा प्रसंग या सत्रांत घेऊ नका. ते डॉक्टरांचं काम आहे, त्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेली स्पाइक्स ही सहा पायऱ्यांची पद्धत वापरली जाते, आणि तो सराव वेगळ्या गटाचा, वेगळ्या तयारीचा.

एक प्रसंग कसा लिहायचा ते सुट्टीच्या उदाहरणावर सांगतो. वेळ दुपारी सव्वादोन. डॉक्टरांनी राउंडला साडेदहा वाजता ‘आज घरी जा’ सांगितलं. फाइल वॉर्डातून बिलिंगला पोचली एक वाजता. अंतिम बिल विमा कंपनीकडे गेलं पावणेदोनला. मुलगा तालुक्याहून भाड्याची गाडी घेऊन आलाय, गाडीवाला बारापासून खाली उभा. इतकं कर्मचारी आणि नातेवाइकाची भूमिका करणारा नट दोघांनाही माहीत. नटाला आणखी एक गोष्ट माहीत असते जी कर्मचाऱ्याला सांगायची नाही: गाडीचं थांबण्याचं भाडं वाढतंय आणि खिशात तेवढे पैसे नाहीत. ही लपलेली गोष्ट प्रत्येक प्रसंगात हवी. ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि नेमकं तेच शिकवायचं असतं. आवाज पैशावरून चढलाय की आईच्या काळजीवरून की चारचौघांत झालेल्या अपमानावरून, हे ओळखता आलं तर पुढचं वाक्य सुचतं.

मग रागाच्या पाच पायऱ्या लिहा. शून्यावर माणूस नीट विचारतोय. एकवर तोच प्रश्न दुसऱ्यांदा. दोनवर आवाज मोठा आणि रांगेतल्या इतरांकडे वळून बोलणं. तीनवर काउंटरवर हात आपटणं, ‘तुमचा साहेब कोण आहे’, मोबाइल काढून शूटिंग. चारवर शिवी किंवा धमकी. संहितेत पुढे लिहायचं की कशानं पायरी चढते आणि कशानं उतरते. चढवणारी कारणं बहुधा सगळीकडे सारखीच निघतात: ‘शांत व्हा’, ‘ओरडू नका’, ‘सिस्टीममध्ये दिसत नाही’, ‘ते आमचं काम नाही’, मान वर न करता दिलेलं उत्तर, आणि ‘थोडा वेळ’ हा शब्द. उतरवणारी: तोंडाकडे पाहून बोलणं, आडनावानं हाक, त्याच्याच तक्रारीतली एखादी खरी गोष्ट आपल्या तोंडून येणं, आणि घड्याळातली नेमकी वेळ.

नटासाठी दोन नियम. पायरी एका वेळी एकच उतरायची. एका गोड वाक्यावर भडकलेला माणूस विरघळला तर कर्मचारी खोटं शिकतो. आणि कर्मचाऱ्यानं योग्य काही केलं तर उतरायचंच, हट्टानं वर राहायचं नाही. हा दुसरा नियम मोडतो तेव्हा सत्र बिघडतं, कारण चांगल्या नटाला प्रसंग जिंकायची सवय असते.

नट कुठून आणायचे? जिल्ह्याच्या गावांत राज्य नाट्य स्पर्धेला उतरणारी हौशी मंडळं असतात, कॉलेजांत एकांकिका करणारी मुलं असतात. तिथून चाळिशीच्या आसपासचे दोन पुरुष आणि एक बाई शोधा. विशीतली मुलं वडिलांच्या आजारपणानं त्रासलेला माणूस क्वचितच उभा करू शकतात. मानधन द्या, चहा-वड्यावर भागवू नका. पहिल्या सत्राआधी त्यांच्यासोबत दोन तास बसा, त्यातला एक तास त्यांना प्रत्यक्ष काउंटरपाशी गपचूप उभं करा. रंगमंचावरचा नट शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवतो. इथे त्याच्यासमोर एकच प्रेक्षक आहे, तीन फुटांवर. हे एकदा सांगून भागत नाही, दर वेळी आठवण द्यावी लागते. नातेवाइकाची भूमिका कर्मचाऱ्यांपैकीच कुणाला देण्याचा मोह टाळा: जुनी उणीदुणी त्यात निघतात, किंवा मैत्रीखातर दुसऱ्याच मिनिटाला राग ओसरतो.

सत्र नव्वद मिनिटांचं, माणसं सहा ते आठ. शिफ्ट आठ-दोन, दोन-आठ अशा असतील तर सकाळपाळीच्या लोकांसाठी अडीच ते चार ठेवा आणि तो वेळ ड्युटीत धरा. रात्रपाळी करून आलेल्याला बसवू नका. जागरणानं आधीच चिडलेल्या माणसाकडून संयमाचा सराव करून घेणं म्हणजे त्याला सर्वांसमोर नापास करणं. जागा कॉन्फरन्स रूम नको. ओपीडी संपल्यावरचा खराखुरा काउंटर घ्या. मॉनिटर सुरू, फोन मध्येच वाजणारा, मागे रांगेत उभे दोघे. रांग महत्त्वाची आहे, कारण मागचे बघतायत या जाणिवेनं कर्मचारी ताठर होतो.

पहिली दहा मिनिटं नियमांची. इथे काय झालं ते बाहेर बोलायचं नाही, वार्षिक मूल्यमापनात याचा उल्लेख येणार नाही, कुणालाही हात वर करून ‘बस’ म्हणता येईल आणि त्या क्षणी नटासकट सगळे थांबतील. व्हिडिओ घेतला तर लेखी संमतीनं आणि त्याच संध्याकाळी पुसायचा. या खोलीत संचालक, प्रशासक, मेट्रन यांपैकी कुणीही नको. ‘मी फक्त मागे बसतो’ म्हणणारे साहेब मागे बसले तरी सगळ्यांच्या मानेवर बसलेले असतात. आणि प्रत्येकाला आधी एकट्यात विचारून ठेवा की या प्रसंगातलं काही अलीकडे त्यांच्या घरी घडलंय का. ज्यांची आई महिन्यापूर्वी रुग्णालयात वारली, त्यांना त्या दिवशी निरीक्षक करा.

नंतर प्रसंग सात मिनिटांचा, त्यावर चर्चा वीस-पंचवीस मिनिटं, मग तोच प्रसंग पुन्हा चार-पाच मिनिटं, मग पुन्हा पाच मिनिटं बोलणं. नव्वद मिनिटांत दोन प्रसंग जेमतेम बसतात. तिसरा कोंबू नका. सिम्युलेशनचा सगळा गुण चर्चेत असतो, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी तीच उरकली जाते. प्रसंग रंगला, सगळे हसले, टाळ्या पडल्या, सत्र चालवणाऱ्या सूत्रधारानं तीन मुद्दे फळ्यावर लिहिले, चला चहा. यातून करमणूक होते.

चर्चेची सुरुवात ‘कसं वाटलं?’ अशी केलीत तर उत्तर येणार ‘छान’. पहिल्या मिनिटाला फक्त वाफ जाऊ द्या. प्रसंगात उतरलेल्या माणसाला आधी बोलू द्या आणि त्याचे खांदे खाली येईपर्यंत मध्ये पडू नका. त्यानंतर शरीराचं विचारा: ‘त्यानं मोबाइल काढला तेव्हा तुमच्या अंगात कुठे काय झालं?’ घसा सुकला, कान तापले, हात माउसवर घट्ट झाला. हे ज्याचं त्याला ओळखता आलं की पुढच्या वेळी तीच खूण सूचना म्हणून वापरता येते: कान तापले की आधी एक श्वास सोडायचा, मग बोलायचं. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात पकडलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भीती-रागाशी निगडित भागाची प्रतिक्रिया मंदावते, हे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसलं होतं. कर्मचाऱ्यानं मनातल्या मनात ‘मला राग आलाय’ म्हणणं उपयोगी. तेच वाक्य समोरच्याला ऐकवणं मात्र आपल्याकडे उलटतं. ‘तुम्हाला राग आलेला दिसतोय’ असं मराठीत म्हणून बघा, खिजवल्यासारखं लागतं. आपल्याकडे भावनेचं नाव घेण्यापेक्षा तिचं कारण उच्चारलेलं चालतं. ‘साडेदहापासून ताटकळलात तुम्ही, खाली गाडीही उभी आहे.’ परदेशी प्रशिक्षण-पुस्तिका जशीच्या तशी उतरवताना हमखास हुकतं ते इथे.

पुढचा भाग सूत्रधाराच्या कौशल्याचा. जे दिसलं ते सांगायचं, त्यावरचं आपलं मत लपवायचं नाही, आणि मग खरोखर उत्तर माहीत नसल्यासारखं विचारायचं. उदाहरणार्थ: ‘तो गाडीचं बोलला तेव्हा तुम्ही स्क्रीनकडे वळलात. मला वाटलं, त्याला ते टाळल्यासारखं दिसलं असेल. तुमच्या मनात त्या वेळी काय चाललं होतं?’ यावर येणारं उत्तर अनेकदा असं असतं: ‘त्याचंच अप्रूव्हल (विमा कंपनीची मंजुरी) आलंय का बघत होते.’ म्हणजे मदत चालू होती, फक्त ती समोरच्याला दिसत नव्हती. उपाय एका वाक्याचा निघतो: स्क्रीनकडे वळण्याआधी ‘तुमचंच अप्रूव्हल आलंय का बघते’ असं तोंडानं म्हणायचं. ‘तुम्ही नातेवाइकाकडे दुर्लक्ष केलंत’ असं सूत्रधारानं ठोकून दिलं असतं तर ती मुलगी गप्प बसली असती आणि हा उपाय कुणालाच सापडला नसता. आधी कौतुक, मग चूक, मग पुन्हा कौतुक असा डबल रोटीचा प्रकारही करू नका; मधलं येणार म्हणून पहिलं कुणी ऐकत नाही.

नटालाही विचारा, पण भूमिकेतून: ‘तुम्ही कोणत्या वाक्याला खाली आलात?’ सहकाऱ्यांच्या दहा सूचनांपेक्षा या एका उत्तराचं वजन जास्त असतं. मग दुसरी फेरी. ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांच्या फोरम थिएटरमधली युक्ती इथे कामाची आहे: प्रसंग अडेल तिथे थांबवायचा आणि बघणाऱ्यांपैकी कुणालाही ‘तू ये, तू काय म्हणशील?’ म्हणून खुर्चीत बसवायचं. तोंडी सूचना करणारा खुर्चीत बसला की त्याच्याही घशाला कोरड पडते, आणि मग खोलीतला तोरा आपोआप उतरतो. शेवटी नटाला भूमिकेतून बाहेर काढायला विसरू नका. त्यानं आपलं खरं नाव सांगायचं, सगळ्यांशी दोन शब्द बोलायचे. नाहीतर आठवडाभर वॉर्डातल्या मावश्या त्याच्याकडे रागानं बघतात.

हाक कशी मारायची यावर एक सत्रभर बोलणं झालं तरी वाया जात नाही. ‘बारा नंबरवाले’ हे कुणालाच आवडत नाही. ‘काका’, ‘मावशी’, ‘ताई’ बहुतेक वेळा चालतं. पण पन्नाशीची शिक्षिका ‘मावशी’वर भडकू शकते, आणि आवाज चढलेल्या तरुणाला ‘दादा’ म्हटलं तर ते मनवणं वाटेल की टोमणा, हे सुरावर ठरतं. आडनाव सगळ्यांत सुरक्षित. ‘आपण’ फार वापरू नका. खेड्यातून आलेल्या माणसाला ते सरकारी पत्रासारखं थंड लागतं. या बारकाव्यांची यादी वाटून उपयोग नाही, तोंडातून काढूनच बघावं लागतं.

वेळेचं वचन मात्र सगळ्यांकडून घोकून घ्या. ‘थोडा वेळ लागेल’ऐवजी ‘तीन वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः तुम्हाला सांगते, आलं असो वा नसो.’ आणि तीन-दहाला खरंच उठून जायचं, काहीच बातमी नसली तरी. न सांगितलेली वाट बघणं माणसाला सर्वांत जास्त चिडवतं. काउंटरवरच्या एकटीला उठता येत नसेल तर वचन फोनचं द्यायचं. जे पाळता येत नाही ते देऊ नये, हेही सरावात यायला हवं.

सौम्यपणा कुठे थांबवायचा, तेही शिकवा. चौथी पायरी लिहिली ती त्यासाठी. शिवी किंवा धमकी आली की समजूत घालण्याचं काम संपलं. आता फक्त तीन गोष्टी करायच्या: काउंटरपासून दोन पावलं मागे, ठरलेला शब्द किंवा बेल, आणि सिक्युरिटी व वरिष्ठ येईपर्यंत एकट्यानं न थांबणं. वैद्यकीय सेवेतल्या माणसांवरचा हल्ला हा २०१० च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडतोड केली तर नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण हे कलम तोंडावर ऐकवायचं नसतं. दुसऱ्या पायरीवर ऐकवलं तर माणूस तिथून थेट चौथीवर जातो. निदान एक प्रसंग असा खेळवा की नटाला खाली आणणं शक्यच नसेल आणि कर्मचाऱ्यानं वेळेत मागे हटणं हेच यश असेल. नाहीतर प्रत्येक वाढलेल्या भांडणाचा दोष आपल्याच बोलण्यात होता, असा समज पसरतो.

आता सुरुवातीला सांगितलेल्या अटीकडे. आर्ली हॉखशिल्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या कामावरून दाखवलं की पगारासाठी चेहऱ्यावर भाव आणणं हेही श्रमच आहेत. मनात एक आणि ओठांवर दुसरं असं आठ तास चालवणारी माणसं थकतात, आणि कधीतरी फुटतात. वरील प्रसंगात फाइल साडेदहा ते एक वॉर्डात पडून होती. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत विमा कंपनीनं सुट्टीची अंतिम मंजुरी द्यायची असते. पण ते घड्याळ तुमची विनंती पोचल्यावर सुरू होतं. अडीच तास आपणच खाल्ले असतील तर बिलिंगच्या मुलीच्या आवाजातल्या गोडव्यानं काय होणार? त्यामुळे प्रत्येक चर्चेच्या शेवटी पाच मिनिटं दोष-यादीला द्या. बोलण्यानं सुटणारं एका बाजूला, कारभारानं सुटणारं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू विनानाव संचालकांकडे जाते. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर राज्यातल्या खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. ते तुमच्याकडे खरंच दर्शनी भागात आहे की कुंडीमागे, तेही याच यादीत निघेल.

एकदा करून सोडू नका. तीस माणसांचे चार-पाच गट, प्रत्येक गटाला दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं चार सत्रं, नंतर तीन महिन्यांनी एक उजळणी. सूत्रधार बाहेरचा आणलात तरी आतल्या दोघांना त्याच्या हाताखाली तयार करा. नर्सिंग ट्यूटर किंवा समुपदेशक यात लवकर रुळतात. वक्तृत्व स्पर्धा जिंकलेले सहसा नाही, त्यांना गप्प बसवत नाही.

उपयोग झाला की नाही हे सत्रानंतरच्या अभिप्राय-पत्रकावरून ठरवू नका. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्येच प्रशिक्षण मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि संस्थेला फळ मिळालं का. पत्रक पहिलीवरच थांबतं. तुम्ही तिसरी बघा. सत्र होऊन दोन आणि आठ आठवडे झाल्यावर, आधी सांगून ठेवून, काउंटरपाशी वीस मिनिटं उभं राहायचं आणि चारच गोष्टींवर खुणा करायच्या: मान वर केली का, आडनाव घेतलं का, नेमकी वेळ दिली का, दिलेली वेळ पाळली का. खुणा काउंटरच्या नावे, माणसाच्या नावे नव्हेत. खटक्यांची वही चालू ठेवा, पण पहिल्या दोन महिन्यांत आकडा वाढला तर घाबरू नका. लोक आधी लिहीत नव्हते ते आता लिहायला लागलेले असतात. संचालकांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात प्रकल्प बंद होईल.

हेडसेटचं थोडक्यात. त्यातले प्रसंग बहुधा तीन-चार पर्यायांतून एक निवडा अशा बेताचे असतात, आणि पर्याय निवडणं म्हणजे बोलणं नव्हे. मराठीत, त्यातही तुमच्या जिल्ह्याच्या मराठीत, बोलणारं पात्र त्यात आहे का, ते विक्रेत्याला समोर चालवून दाखवायला सांगा. पाच-सहा गावांतल्या शाखांना एकच सराव द्यायचा असेल, तर पुढे विचार करण्यासारखं आहे. एआय आवाजाशी मोबाइलवर बोलून एकट्यानं वाक्य घोकणं स्वस्तात होतं, लाजाळू माणसांना ते आवडतंही. फक्त खऱ्या रुग्णाचं नाव किंवा तपशील त्यात घालायचे नाहीत. चेहरा किंवा आवाज वाचून ‘सहानुभूती ७२ टक्के’ असे गुण देणारं काही असेल तर तो भाग बंद करून द्या म्हणावं. नोकरीच्या जागी माणसांच्या भावना यंत्रानं ओळखण्यावर युरोपीय संघानं फेब्रुवारी २०२५ पासून बंदी घातली आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळता. आपल्याकडे ती लागू नाही, पण त्या गुणांवर पगारवाढ ठरायला लागली की तुमच्या सत्रात कुणी खरं बोलणार नाही.

राहिल्या इनचार्ज सिस्टर. त्यांचं म्हणणं उद्धटपणाचं समजू नका. वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला काल लागलेल्या पोरांसमोर चुकवून दाखवायचं, अशीच ही योजना त्यांना दिसत असणार, आणि वाईट रीतीनं राबवली तर ती तशीच असते. त्यांना पहिल्या सत्रात बसवू नका. त्याआधी एक तास मागा आणि संहिता त्यांच्यापुढे ठेवा: नातेवाईक असं बोलतो का, रात्री दोन वाजता काय बोलतो, तिसरी पायरी खरी वाटते का. नटांच्या तालमीला त्यांनाच परीक्षक करा. संहिता आपली झाली की पुष्कळ जण तिसऱ्या-चौथ्या सत्रात स्वतःहून खुर्चीत बसतात. नाही बसल्या तर सक्ती नको. साडेदहाला सुट्टी सांगितलेल्या रुग्णाची फाइल साडेअकराच्या आत बिलिंगला पोचेल एवढी एक जबाबदारी त्यांच्या नावे लिहून द्या, आणि ती पार पाडायला वॉर्डात एक जादा मामा (वॉर्डबॉय) मागितला तर तो नाकारू नका.